माहीत नाही, पण अदबीनं

आमच्या रविवारच्या इंग्रजीच्या वर्गातली माणसं आता कुठल्यातरी लग्नातच भेटतात. कोणी उधन्याला राहतं, कोणी नवसारीला. पण पंगतीत शेजारी शेजारी बसलो की पहिला भात संपायच्या आत एकजण म्हणतोच, "आणि तो टेलिफोनचा किस्सा?" मग दुसरा म्हणतो, "त्याआधी चहाचा सांग." दरवेळी एखादा नवीनच निघतो, जो आधी कोणी सांगितलेला नसतो. माझ्या मुली म्हणतात, आई, तुम्ही तिथे इंग्रजी शिकलात की गोष्टी गोळा केल्यात?

खरं सांगायचं तर इंग्रजी थोडंच शिकलो. जे शिकलो ते बहुतेक एकाच प्रकारचं होतं.

त्र्याण्णव साली सुरतेत, लिंबायतला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिठाची गिरणी होती. रविवारी ती बंद असे, आणि वरच्या खोलीत वानखेडे सर आमचा वर्ग घेत. सर मूळचे अमरावतीकडचे. आठवडाभर एका मिलमध्ये टाइमकीपर, रविवारी नऊ ते अकरा मास्तर. खोलीत चटया असत. घरी जाताना आम्हा सगळ्यांचे कपडे मागून पांढरे झालेले असत, त्यावरून गल्लीत कळायचं की हे इंग्रजीवाले.

*

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं होतं, सर 'माझं नाव अमुक' शिकवतील. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं : 'आय ॲम अफ्रेड, आय डोन्ट नो.'

"याचा अर्थ, माफ करा, मला माहीत नाही," सर म्हणाले. "तुम्ही इंग्रजीला काऊन भेता? कोणी काही विचारलं आणि आलं नाही तर काय, म्हणून भेता. तर आधी 'येत नाही' हेच नीट म्हणायला शिका. अदबीनं. मग भ्यायचं कारणच राहत नाही."

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. भगवानदादा मात्र गप्प बसले. भगवानदादा अमळनेरकडचे, लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बंद पडलेलं मशीन चालू करणारा माणूस. मिशा जाड, आवाज त्याहून जाड.

"सर, 'अफ्रेड' म्हणजे भ्यालेला ना?"

"हो, पण इथे नाही. इथे ती नुसती रीत आहे बोलायची."

"पण शब्द तर तोच आहे."

"शब्द तोच आहे."

"मग मी नाही म्हणणार," भगवानदादा म्हणाले. "माले माहीत नही, हे शंभरदा म्हणेन. पण भ्यालो कशाला म्हणू?"

सरांनी दहा मिनिटं समजावलं. शेवटी भगवानदादा उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आय ॲम नॉट अफ्रेड. आय डोन्ट नो."

सरांनी एकदा फळ्यावरच्या वाक्याकडे बघितलं. म्हणाले, "बसा. हेही चालेल."

*

वर्गात राजेंद्र नावाचा एक मुलगा होता. मुलगा म्हणजे चोवीसएक वर्षांचा. पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, जिथे कापडाला रंग देतात तिथे, लॅबमध्ये काम करायचा. एका रविवारी तो रंगाच्या ड्रमवरचं लेबल काढून घेऊन आला. त्यावर एक लांबलचक शब्द होता, 'सब्स्टँटिव्हिटी'.

"सर, याचा अर्थ काय?"

सरांनी लेबल हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "आय हॅवन्ट द फेन्टेस्ट आयडिया."

आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ.

सर फळ्याकडे वळून दुसरं काहीतरी लिहू लागले होते. पेन्सिली अजून चालताहेत हे बघून त्यांनी पुढच्या चटईवर बसलेल्या शारदाकाकूंची वही उचलली. वाचली. मग खाली चटईवर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो, मला याची जरासुद्धा कल्पना नाही, असं म्हणालो मी!"

पुढच्या रविवारी त्यांनी खरा अर्थ आणला. सुतानं रंग धरून ठेवायची ओढ. त्यासाठी ते बस बदलून शहरातल्या एका लायब्ररीत जाऊन आले होते. आम्ही तो अर्थ लिहून घेतला. पण आधीचा कोणीच खोडला नाही.

*

आता माझा किस्सा. मी तेव्हा रिंग रोडवरच्या कापड मार्केटमध्ये एका साड्यांच्या पेढीवर फोन घ्यायला होते. गुजराती आणि हिंदी फोन मी घेई. पलीकडून इंग्रजी आलं की मी रिसीव्हर हळूच खाली ठेवून द्यायची. शेठ विचारायचे, "कोण होतं?" मी म्हणायची, "लाइन कट झाली." मद्रासची लाइन तर महिनाभर रोज कट होत होती.

एकदा त्याच मद्रासच्या पार्टीचा फोन आला तेव्हा शेठ समोरच बसले होते, त्यामुळे ठेवता येईना. झालं असं होतं की त्यांनी पोपटी साड्या मागवल्या होत्या आणि आमच्याकडून शेवाळी गेल्या होत्या. शेठनी दोन्ही हात हलवून मला खूण केली, मी नाही म्हणून सांग.

पलीकडच्या माणसानं विचारलं, "इज युवर शेठ इन?"

मला खोटं इंग्रजीत बोलता येत नव्हतं. खरंही येत नव्हतं. पण सरांनी गेल्याच रविवारी शिकवलेलं एक वाक्य तोंडात तयार होतं. सांगणं माझ्या हातात नाही, अशा अर्थाचं. मी म्हणाले, "आय ॲम अफ्रेड, आय ॲम नॉट इन अ पोझिशन टु से."

पलीकडे तो माणूस मोठ्यानं हसला. इतक्या मोठ्यानं की शेठनाही ऐकू गेलं. मला इतकंच समजलं, "सो ही इज सिटिंग इन फ्रंट ऑफ यू."

मी शेठकडे बघितलं. शेठनी माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. शेठनी सरळ सांगून टाकलं, चूक आमची, शेवाळी परत पाठवा, पोपटी आठ दिवसांत पोचतील. दोन मिनिटांत मिटलं.

त्यानंतर मद्रासचा फोन शेठनी उचलला की ते गृहस्थ आधी विचारत, "ती खोटं न बोलणारी मुलगी आहे का? तिला द्या." शेठनी दिवाळीला मला पोपटी साडी दिली.

*

राजेंद्रला एकदा एका वाक्यानं बमरोलीला पाठवलं. त्याच्या कंपनीचं दुसरं युनिट बमरोलीला होतं, तिथे पाणी गळायचं आणि कॅन्टीन नव्हतं. मॅनेजर भला माणूस होता. त्यानं राजेंद्रला बोलावून इंग्रजीत विचारलं, इथे काम करशील की बमरोलीला? राजेंद्रला म्हणायचं होतं, साहेब, तुम्ही म्हणाल तिथे, माझी हरकत नाही. तो हसतमुखानं म्हणाला, "आय डोन्ट केअर."

मॅनेजरचा चेहरा पडला. "तने परवा नथी?" तो गुजरातीत म्हणाला. आणि सोमवारपासून राजेंद्र बमरोलीला.

रविवारी त्यानं सरांना सांगितलं तेव्हा सरांनी कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा, 'डोन्ट माइंड' म्हणायचं. 'डोन्ट माइंड' म्हणजे हरकत नाही. 'डोन्ट केअर' म्हणजे, तुम्ही गेलात उडत."

राजेंद्र तीन आठवडे बमरोलीला भिजला. मग धीर करून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला आणि दोन वाक्यांतला फरक सरांनी सांगितला होता तसाच्या तसा समजावून सांगितला. मॅनेजरनं ऐकून घेतलं. टेबलावर एक पत्र टाइप करून ठेवलेलं होतं, परदेशातल्या रंगाच्या कंपनीला पाठवायचं. त्यानं ते उचलून परत एकदा वाचलं. मग चार तुकडे करून टोपलीत टाकलं.

"तारा सर रविवारे केटला वागे आवे छे?" त्यानं विचारलं. म्हणजे, तुझे सर रविवारी किती वाजता येतात?

*

याच राजेंद्रचं लग्न जमलं तेव्हाचा किस्सा आमच्या पंगतीत सगळ्यात जास्त चालतो.

मुलगी दोंडाईचाची. मुलीचे मामा हायस्कूलात मास्तर. सुरतचा मुलगा इंग्रजी शिकतो हे त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून त्यांनी बैठकीतच परीक्षा मांडली. "डू यू प्ले क्रिकेट?"

राजेंद्रला क्रिकेटची आवड नव्हती. नुसतं 'नो' म्हटलं तर उद्धट दिसेल. आवड नाही हे गोड शब्दांत कसं सांगायचं ते सरांनी शिकवलेलं होतं. तो म्हणाला, "क्रिकेट इज नॉट माय कप ऑफ टी."

नेमकी तेव्हा मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथूनच परत फिरली. आत कुजबुज झाली, "चहा चालत नाही म्हणे त्यांना." मामांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी घाईघाईनं भाच्याला सायकलवरून कॉफीची पुडी आणायला पिटाळलं. दोन दुकानं बंद होती. पाऊण तासानं कॉफी आली. मधल्या वेळात राजेंद्रला कळेना की मंडळी गप्प का, आणि चहाचा वास येतोय तर चहा कुठे.

राजेंद्रला कॉफी मुळीच आवडत नाही. त्यानं ती सगळी प्यायली, वर छान झाली म्हणाला.

लग्नानंतर वर्षभर बायको, वैशाली, त्याला रोज सकाळी कॉफी देत होती आणि तो पीत होता. मग एकदा त्यानं न राहवून सगळा खुलासा केला. वैशाली म्हणाली, "मला माहीत आहे. बारावीला होता तो वाक्प्रचार आम्हाला."

"मग तू ट्रे घेऊन परत का गेलीस?"

"मामांना माहीत आहे का ते बघायचं होतं. आणि तुम्ही काय करता तेही."

"आणि ही वर्षभर कॉफी?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते."

*

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतला प्लेग आला. त्या दिवसांबद्दल आमच्यात फार कोणी बोलत नाही. गाड्या भरभरून माणसं गावी गेली, आम्हीही गेलो. गल्लीत उरले ते ज्यांना जाता येत नव्हतं ते. भगवानदादा त्यातले. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. बायकोमुलांना अमळनेरच्या गाडीत बसवून ते परत आले होते.

वर्ग पुन्हा भरला तो दिवाळी झाल्यावर. सरांनी नेहमीसारखं विचारलं, "सुट्टीत कोणी इंग्रजी बोललं का?" सुट्टी म्हणाले ते. एकट्या भगवानदादांनी हात वर केला.

तोंडाला रुमाल बांधलेले टीव्हीवाले त्यांच्या गल्लीत आले होते. गोरी बाई, तिच्या हातात माइक. रस्त्यावर दुसरं कोणीच नव्हतं. दादा आईसाठी गोळ्या घेऊन येत होते.

"तिनं विचारलं, आर यू अफ्रेड?" दादा सांगत होते. "मी म्हटलं, यस. आय ॲम अफ्रेड."

"मग तिनं विचारलं, गावी का गेला नाहीत? मी म्हटलं, मदर. नो वॉकिंग. मग तिनं विचारलं, आता पुढे काय होईल? मी म्हटलं, आय डोन्ट नो." दादांनी मिशीवरून हात फिरवला. "सर, तुम्ही ही दोन्ही एकत्र शिकवली होती. मी वेगवेगळी बोललो. चाललं का?"

सर फळा पुसत होते. फळा कोराच होता.

"चाललं," ते म्हणाले.

दादांची आई त्यानंतर सहा वर्षं होती.

*

शारदाकाकू आमच्यात वयानं मोठ्या. घरी साड्यांना फॉल आणि लेस लावायचं काम करत, नवरा लूमवर. वर्गात येण्याचं त्यांचं कारण एकच होतं, मुलगी ज्योती. तिला त्यांनी हट्टानं इंग्रजी शाळेत घातलं होतं. ती तिसरीत होती, आणि तिच्या प्रगतिपुस्तकात दरवेळी लाल शाई असे. शेजारचे म्हणत, तुमच्या पोरीला झेपत नाही, मराठी शाळेत घाला. काकू वहीत सगळ्यात सुंदर अक्षर काढत, पण वर्गाबाहेर इंग्रजीचा एक शब्द बोलत नसत.

पालकसभेच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मंगल, सोबत चल ना. नुसती बसून राहा."

ज्योतीच्या बाई केरळच्या. समोर पालकांची रांग, प्रत्येकाला पाच मिनिटं. काकूंचा नंबर आला तसं बाईंनी वही उघडली आणि भराभर इंग्रजीत बोलू लागल्या. मी मागच्या बाकावर होते, मलाही काही समजत नव्हतं. काकू पदर सावरून ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, "यस मॅडम." थोड्या वेळानं परत, "यस मॅडम." बाईंनी वही मिटली. पुढच्या पालकाला हात केला.

काकू उठल्या नाहीत.

"मॅडम," त्या म्हणाल्या. बाक घट्ट धरला होता. "सॉरी. आय ॲम अफ्रेड... आय डिड नॉट फॉलो."

बाईंनी वर बघितलं. "विच पार्ट?"

"ऑल," काकू म्हणाल्या. "ऑल, मॅडम. थ्री इयर्स."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बट लास्ट टाइम ऑल्सो आय टोल्ड यू. यू सेड यस."

"दॅट यस," काकू म्हणाल्या, "नॉट यस."

मागे उभा असलेला एक गृहस्थ घड्याळ बघत होता, त्यानं बघणं थांबवलं. बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मेरा हिंदी बहुत खराब है. बच्चा लोग हँसता है. इसलिए मैं नहीं बोलती."

"हम नहीं हँसेगा," काकू म्हणाल्या.

मग बाई एकेक शब्द शोधत बोलू लागल्या. ज्योती. बोर्ड. दिखता नहीं. पीछे बैठती है, गलत लिखती है. डॉक्टर के पास. आणि तिथे त्या अडल्या. शब्द सापडेना. त्यांनी दोन्ही हातांची बोटं गोल करून डोळ्यांपुढे धरली आणि त्यातून काकूंकडे बघितलं.

"चश्मा?" काकू म्हणाल्या.

"चश्मा. यस. चश्मा."

काकूंनी कपाळाला बोट लावलं. "और मॅडम, बुद्धी?"

"बुद्धी?" बाई म्हणाल्या. "बुद्धी एकदम फर्स्ट क्लास."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मागचे गृहस्थ दुसरीकडे बघू लागले.

दुसऱ्याच दिवशी काकूंनी ज्योतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आठवड्यानं चष्मा तयार झाला. आणायला जाताना मीही सोबत होते. दुकानदारानं चष्मा नाकावर बसवला, कानामागे नीट केला. दुकानाबाहेर येऊन ज्योती पायरीवर नुसती उभी राहिली. आम्ही तिला हात धरून रिक्षात बसवलं.

रिक्षा पुलावर चढली तशी ती वाचायला लागली. कापडाच्या दुकानाची पाटी वाचली. दवाखान्याची वाचली. ट्रकच्या मागचं, भिंतीवरच्या जाहिराती, बसवरचा नंबर, गुजराती, इंग्रजी, जे समोर येईल ते, मोठ्यानं, एकामागून एक. रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. लिंबायतच्या रेल्वे फाटकाशी रिक्षा अडकली तर समोरच्या रिक्षाचा नंबर तिनं तीनदा वाचला.

"अगं, जरा गप्प बस ना," काकू म्हणाल्या.

ज्योती गप्प झाली. फाटक उघडलं. रिक्षा थोडी पुढे गेली.

"नको," काकू म्हणाल्या. "वाच."